जलपर्णी हटाव सभा

तळ्यात अजून थोडंफार पाणी दिसायचं, त्या काळातली ही गोष्ट.

एका तळ्यावर जलपर्णी इतकी माजली की खाली माशांचा जीव गुदमरू लागला. शेवटी रोहू मासा एका फटीतून तोंड वर काढून म्हणाला, "बेडूकदादा, काहीतरी करा हो!"

बेडकांनी लगेच सभा बोलावली. जो तो जलपर्णीच्या एकेका पानावर ऐटीत बसला. अध्यक्ष गालफुगे बेडकाने ठराव मांडला, "ही जलपर्णी मुळासकट उपटावी!" टाळ्यांचा कडकडाट झाला.

सभेला आलेला खेकडा बिचारा भोळा. ठराव झाला म्हणजे कामाला लागायचं, असं त्याला वाटलं. त्याने समोरच्याच पानाच्या देठावर नांगी चालवली आणि अध्यक्ष भाषणासकट पाण्यात गेले.

"अरे मूर्खा, सभा चालू आहे!" ते वर येत ओरडले. "सभासदांची पानं सोडून बाकीची तोड."

खेकड्याने तळंभर नजर फिरवली. एकही पान रिकामं नव्हतं.

तेवढ्यात रोहूने पुन्हा तोंड वर काढलं. "झालं का हो काही?"

"एकमताने मंजूर!" अध्यक्ष म्हणाले. "आता जरा दम धर. आज मागच्यांना फार दाटीवाटीने बसावं लागलं. थोडी पानं वाढली, की लगेच पुढची सभा घेतो."