भुऱ्याची राखण

फार पूर्वी एका डोंगरउतारावर मेंढ्यांचा कळप चरत असे. भुऱ्या नावाचा कुत्रा त्याची राखण करी. एकदा भुकेच्या भरात त्याची नियत फिरली आणि त्याने धवळी मेंढीचं कोकरू खाल्लं.

रक्ताळलेल्या तोंडानेच तो धवळीसमोर येऊन उभा राहिला. "मी मुळातच लांडगा आहे," तो म्हणाला, "मला रानात जाऊ दे."

धवळीच्या डोळ्यांचं पाणी खळत नव्हतं. "लांडगा असतास तर मी तुला दोष दिला नसता," ती म्हणाली. "तू राखणदारच आहेस रे, म्हणून तर हे पाप आहे. जाऊ नकोस. राखण कर."

भुऱ्या राहिला. पुढे जन्मभर त्याने लांडग्यांना कळपाजवळ फिरकू दिलं नाही. पण एखादं कोकरू जवळून गेलं, की तो मान दुसरीकडे वळवी.