पाय कुठे आहे ते सांग

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या वेळी राज्य कोणत्या राजाचं होतं हे त्याच्या वंशजांनाही आता सांगता यायचं नाही. लहानांनी ही गोष्ट ऐकावी, आणि मोठ्यांनी तर कान धरून ऐकावी, कारण यातली चूक मोठ्यांचीच आहे.

एका डोंगराळ मुलुखात, काळ्या कड्याच्या माथ्यावर, एक वस्ती होती. तिथले लोक कड्यावरचा मध काढत. कड्याच्या पोटाशी आग्या माश्यांची सुपाएवढाली पोळी लटकलेली असत. मध काढणारा कमरेला दोर बांधून कड्यावरून खाली उतरे. दोराचं दुसरं टोक वर, अंजनीच्या जुन्या झाडाला दोन वेढे घालून, दुसऱ्या माणसाच्या हातात असे. खालच्याने मागावं तसा वरच्याने दोर सोडायचा किंवा आवळायचा.

हा दुसरा माणूस कोण असावा याचा वस्तीत पक्का रिवाज होता. दोर धरायचा तो बायकोच्या भावाने. शेजारी पेंगेल, सख्खा भाऊ वाटणीचं काही मनात धरील, पण आपली बहीण विधवा व्हावी असं कुठल्या भावाला वाटेल?

आणखी एक नियम होता. कडा मध्येच पुढे आलेला होता, त्यामुळे खाली लोंबकळणारा माणूस वरच्याला दिसत नसे. फक्त त्याचा आवाज येई. म्हणून दोराला लटकलेल्या माणसाने सतत बोलत राहायचं, आणि जे आहे तेवढंच बोलायचं. डावा पाय खोबणीत आहे. उजवा हात कपारीत आहे. दोन हात दोर सोड. भीती वाटली तर ती बोलायची नाही, राग आला तर तोही बोलायचा नाही. वस्तीतली पोरं चालायला लागली की पहिल्यांदा हेच शिकत: जे आहे ते बोल.

या वस्तीत एक मधकाढ्या होता. धीट होता, हाताचा सफाईदार होता, त्याच्याइतका मध कुणी काढत नसे. तोंडाला मात्र ना दार ना कडी. मनात आलं की ओठावर आलंच. आणि याचाही त्याला अभिमान! "मी आपला सरळ माणूस. पोटात एक ओठात एक असलं आपल्याला जमत नाही," असं तो छाती काढून सांगे. असली सरळ माणसं तुम्हीही पाहिली असतील. स्वतःला कुणी अर्धा शब्द बोललं तर यांना आठ दिवस जेवण जात नाही.

त्याच्या बायकोच्या वाट्याला एक वाक्य ठरलेलं होतं. घागर उतरवताना पाणी हिंदकळलं, की तो म्हणे, "तुझ्या हातात जोर नाही." भाकरीची कड फाटली, "तुझ्या हातात जोर नाही." म्हैस दावं तोडून पळाली, तरी तेच. पहिल्या वर्षी तिला राग येई. दुसऱ्या वर्षी रडू येई. तिसऱ्या वर्षी ती नुसती मान खाली घालू लागली. पुढे कधीतरी असं झालं, की नवरा घरात नसतानाही घागरीला हात लावण्याआधी ती स्वतःशीच पुटपुटू लागली, "माझ्या हातात जोर नाही."

मला संताप येतो तो इथे. बोलणारा बोलून मोकळा होतो आणि हात धुऊन जेवायला बसतो. ऐकणारा मात्र ते बोलणं घरी नेतो, जपतो, पोसतो, आणि एक दिवस ते त्याच्याच आवाजात बोलायला लागतं.

आणि गंमत बघा. ज्या दोराला हा शूर पुरुष रोज लटकत होता, तो दोर वळला होता कुणी? वस्तीत दोर वळणं बायकांचं काम. अंबाडीचा वाख कुटायचा, भिजवायचा, पिंजायचा, आणि मग पीळ देत देत महिनाभर वळायचा. नवऱ्याचा दोर तिनेच वळला होता. आठ वर्षांत त्याचा एक धागा उसवला नव्हता. पण हे नवऱ्याला कधी सुचलं नाही, आणि तिलाही नाही.

थंडी सरत आली होती. कड्यावर एकच मोठं पोळं राहिलं होतं. ऊन तापलं की माश्या उठून जाणार होत्या. एका गारठलेल्या सकाळी, माश्या थंडीने जड असतानाच, मधकाढ्या, त्याची बायको आणि तिचा भाऊ कड्यावर आले. वस्तीतली चार माणसंही पाहायला जमली.

आदल्या दिवशी भावाच्या हातून दोर जरा उशिरा आवळला गेला होता, आणि मधकाढ्याचं ढोपर खरचटलं होतं. ढोपर केव्हाच सुकलं होतं. पण लोक जमलेले पाहून त्याच्या जिभेला खाज सुटली.

"काय रे," तो मेहुण्याला म्हणाला, "आज दोर धरणार आहेस, की शेळ्या राखत बसणार आहेस?"

लोक हसले. भावाने खाली पाहिलं. आठ वर्षं तो हे ऐकत होता. दोरावरूनसुद्धा दाजींचं तोंड चालूच असे, आणि त्या शिव्यांतून कामाचे शब्द तो तांदळातले खडे वेचावेत तसे वेचून काढी.

"दाजी, काल चुकलं. आज नाही चुकायचं."

"तुझं काय सांगावं! बहिणीचं कपाळ पांढरं झालेलं बघायची हौस असेल तुला."

आता कुणी हसलं नाही.

भावाने दोर उचलला होता, तो त्याने हळूच जमिनीवर ठेवला. "दाजी," तो म्हणाला, "बाकी सगळं गिळलं. हे नाही गिळता येणार." आणि तो चालू लागला. बहिणीकडेही त्याने पाहिलं नाही.

बायको दोघांच्या मध्ये उभी होती. एका दोराला दोन टोकं, आणि दोन्ही टोकांना तिचीच माणसं. तिच्या मनात रागाचा डोंब उसळला. नवऱ्याचा राग, त्याच्या बोलण्यावर हसणाऱ्या लोकांचा राग, पाठ फिरवून जाणाऱ्या भावाचाही राग. पण तोंडातून शब्द फुटला नाही. आठ वर्षांत सवयच गेली होती.

"जाऊ दे त्याला!" मधकाढ्या ओरडला. माघार घ्यायची तर लोकांसमोर नाक कापलं जाणार. दुसऱ्याचा दोर धरायला रिवाजाप्रमाणे कुणी पुढे येणार नव्हतं. त्याने दोर उचलून बायकोच्या अंगावर फेकला. "तू धर. तुझ्या हातात जोर नाही ते ठाऊक आहे मला, पण झाडाला दोन वेढे आहेत. गाढवही धरील."

लोक गुपचूप पांगले. असल्या वेळी लोकांना घरची कामं आठवतातच.

तो उतरला. तिने दोर सोडत नेला. खालून आवाज येत होता, "सोड. अजून सोड. आता थांब. थांब म्हटलं ना, बहिरी आहेस का? भावाचीच बहीण!" कामाचा शब्द कुठला आणि शिवी कुठली हे वेचायची तिला सवय नव्हती. प्रत्येक शब्द तिला सारखाच लागत होता. तळहात घामेजले. आणि मनात ते जुनं वाक्य जात्यासारखं फिरू लागलं. माझ्या हातात जोर नाही. माझ्या हातात जोर नाही.

खाली त्याने गवताच्या पेटत्या चुडीचा धूर दिला आणि पोळ्याला पातं लावलं. तेवढ्यात एक माशी त्याच्या मनगटावर डसली. दुसरी कानामागे डसली. चूड हातातून निसटली, धूर गेला, आणि सगळं मोहोळ उठलं. माश्या झटकायला त्याने हात उगारला, पाय घसरला, आणि त्याचा सगळा भार दोरावर आला.

"सोडलंस! सोडलंस ना!" तो किंचाळला. तिने सोडला नव्हता. "मला माहीत होतं! तुला नाहीच जमणार!"

"मला नाहीच जमणार," तिच्या तोंडून निघालं.

आणि दोर वीतभर सरकला.

तिने ते डोळ्यांनी पाहिलं. झाड तेच, वेढे तेच, वजन तेच. वाक्य बोलली आणि मूठ सैल झाली. वीतभर दोर तळहाताची साल काढत गेला. अजून दोनदा तेच बोलली असती, तर नवरा दरीत गेला असता आणि वस्तीने म्हटलं असतं, बिचारीच्या हातात जोर नव्हता.

तिच्या डोक्यात काहीतरी पेटलं. ती मोठ्याने बोलू लागली. नवऱ्याशी नव्हे, स्वतःशी. दोरावरचा माणूस बोलतो तशी, जे आहे तेवढंच.

"माझे पाय खडकाला टेकले आहेत. दोराला झाडाचे दोन वेढे आहेत. दोर मी वळलेला आहे. हातातून रक्त येतंय. हात धरून आहेत."

ती पुन्हा म्हणाली, "हात धरून आहेत."

दोर जागचा हलला नाही.

खालून शिव्या चालूच होत्या. तिच्या, तिच्या भावाच्या, तिच्या मेलेल्या बापाच्या नावाने. मग ती ओरडली. अशी ओरडली, की कड्यावरची कबुतरं उडाली. आठ वर्षांत पहिल्यांदा तिने नवऱ्याला 'अरे' म्हटलं.

"अरे गप्प! तुझा जीव या हातांत आहे, आणि तू या हातांनाच तोडतोयस? पाय कुठे आहे ते सांग! मी कशी आहे ते सांगू नकोस!"

खाली एकदम शांत झालं. नुसतं माश्यांचं घोंघावणं.

"सांग!"

"उजवा पाय..." आवाज बारीक आला होता. "उजवा हवेत आहे."

"डावा?"

"तोही. डाव्या अंगाला, खाली, कपार दिसते. टीचभर आहे."

"किती खाली?"

"दोन हात."

"दोन हात सोडते. पाय लागला की बोल."

तिने दोन हात मोजून सोडले. "लागला," तो म्हणाला. मग उजवा हात खोबणीत. मग उजवा पाय वर. तो जे आहे ते सांगत गेला, ती दोर आवळत गेली. माश्या त्याला फोडून काढत होत्या, तरी त्याच्या तोंडून एक फालतू शब्द निघाला नाही.

आरडाओरडा ऐकून भाऊ धावत परत आला. त्याने दोराला हात घालायला पाहिलं.

"हात लावू नकोस," ती म्हणाली. "तालावर आलाय आता तो."

मधकाढ्या कड्याच्या काठावरून वर आला तेव्हा ओळखू येत नव्हता. माश्यांनी नेमके ओठ गाठले होते. तीन दिवस त्याला बोलता आलं नाही, आणि त्या घरात तीन दिवस जेवणाला चव आली. ते शेवटचं पोळं मात्र गेलं. माश्या त्याच दिवशी दुपारी उठून गेल्या होत्या.

चौथ्या दिवशी तो मेहुण्याच्या दारात गेला आणि म्हणाला, "मी बोललो ते खोटं होतं." भावाने त्याला आत बोलावलं, गूळपाणी दिलं, पण त्याचा दोर पुन्हा कधी धरला नाही. "दाजी, राग नाही," तो म्हणाला, "पण दोर हातात घेतला की ते वाक्य ऐकू येतं."  

मग दोर धरायची ती. रिवाज मोडला म्हणून वस्तीने आधी नाकं मुरडली, मग सवय झाली. मधकाढ्याची जीभ एका दिवसात गोड झाली असं मात्र समजू नका. ती अधूनमधून सुटे. तशी सुटली, की बायको काही न बोलता दोर जमिनीवर ठेवी आणि हाताची घडी घालून बसे. दोर अजून बांधायचा असे, माणूस अजून काठावरच उभा असे. मग तो गिळे, श्वास घेई, आणि जे आहे ते बोले.

आणि ती? कधी सकाळी घागरीला हात लावताना ते जुनं वाक्य अजूनही येई. ती तेवढ्यापुरती थांबे, आपल्या तळहातावरचे वण पाही, आणि स्वतःला मोठ्याने सांगे, "हात धरून आहेत." मग घागर उचली.

रागावू नका असं सांगणारी ही गोष्ट नाही. त्या दिवशी तो वाचला तो तिच्या रागानेच. तात्पर्य इतकंच, की ज्या शब्दांवर आपला स्वतःचा जीव टांगायची तयारी नाही, ते शब्द दुसऱ्याला बोलू नयेत, आणि स्वतःला तर मुळीच बोलू नयेत.