ताटातलं पाणी

सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी जसिंता सिस्टरांनी मला विचारलं, “ताट किती वेळा उचललंस?”

“एकदाच.”

“सारिके…”

“तीनदा.”

सिस्टर स्टुलावर बसल्या होत्या, पाठ माझ्याकडं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. दहा पावलांवरचं माणूस त्यांना सावलीसारखं दिसायचं.

“तुम्हाला कसं कळलं?”

“तीनदा वास आला. वास माझ्याकडं आला म्हणजे भाजीतून गेला.”

ही गोष्ट पाचगणीच्या पुढच्या एका टेकडीवरच्या मठातली. थकलेल्या, म्हाताऱ्या सिस्टर तिथं राहतात आणि आवारात एक बालवाडी आहे. जसिंता सिस्टर मूळच्या वसईच्या. एकतीस वर्षं त्यांनी तिथलं स्वयंपाकघर सांभाळलं. त्या दिवशी दुपारी तीनच्या जीपनं त्या कायमच्या वसईला जाणार होत्या.

मोठ्या सिस्टरांनी मला सांगितलेलं, “दुपारची भाजी तू कर. जसिंता हो म्हणाली तर स्वयंपाकघर तुझं, मागची खोली तुझी.”

नाही म्हणाल्या तर उद्यापासून हॉटेलातला एक आचारी येणार. आणि मी नि माझी चार वर्षांची ईश्वरी परत वाईला, भावाच्या घरी, जिन्याखालच्या जागेत. वहिनी वाईट नाही. पण तिथं ईश्वरी दुसरी पोळी मागायच्या आधी माझ्या तोंडाकडं बघायची…

म्हणून मला ती खोली हवी होती.

भीती मला भाजीची नव्हती. शिक्षण माझं सातवीपर्यंत, पण लग्नात दोनशे माणसांची भाजी मी एकटीनं उतरवलेली. मटार, कोवळी गाजरं, पातीचे छोटे कांदे. यात मला कोण काय शिकवणार?

कृती सिस्टरांनी आदल्या संध्याकाळीच सांगितली होती. त्या तरुण असताना फ्रान्सहून आलेल्या मदर ओडील यांनी ती त्यांना शिकवली. वसंतातली पहिली कोवळी भाजी निघाली की तिकडं अशी शिजवतात. पातेल्यात लोणी. त्यावर धुतलेल्या लेट्यूसची पानं, निथळती. मग कांदे, गाजरं, मटार. चिमूटभर मीठ, चिमूटभर साखर. वरून परत पानं. पाणी अजिबात नाही. पातेल्यावर खोल ताट झाकायचं, ताटात गार पाणी भरायचं, आणि खाली मंद आच.

ऐकून मी हसले होते. “वर पाण्याचं ताट? अहो सिस्टर, हे तर आमच्याकडं कुठलीही बाई करते. यात फ्रान्सचं काय आलं?”

“उद्या बघू,” त्या म्हणाल्या होत्या.

तो उद्या हा असा उजाडला होता.

“वाढ मला,” सिस्टर म्हणाल्या.

मी वाटीत वाढली. मटार पाण्यात पोहत होते. सिस्टरांनी एक चमचा तोंडात घातला आणि चावता चावता थांबल्या.

“पाणी घातलंस.”

“नाही. म्हणजे… गार नाही घातलं. ताटातलंच, तापलेलं.”

“का?”

मला प्रश्नच कळेना. ताटातलं पाणी तापलं की भाजीत ओततात. आई ओतायची, आजी ओतायची. त्यासाठीच तर ते वर ठेवतात.

“करपू नये म्हणून,” मी म्हणाले.

“करपत होती?”

“…नाही.”

“मग?”

“पण करपली असती तर?”

ती पाणचट भाजी सिस्टरांनी शेवटच्या दाण्यापर्यंत खाल्ली. त्यांनी ती फेकली असती, दोन शब्द बोलल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं.

वाटी खाली ठेवून त्यांनी विचारलं, “मटार किती उरलेत?”

“एक टोपली.”

“बारा जणींना पुरतील. सोल.”

म्हणजे अजून एक संधी होती. मी इतक्या घाईनं सोलायला बसले की पहिल्या मुठीतले निम्मे दाणे फरशीवर गेले.

सोलताना नजर खिडकीकडं जात होती. मेंदीच्या कुंपणापलीकडं लताबाईंची बालवाडी. ईश्वरीचा तिथला चौथा दिवस. सकाळपासून मी दोनदा कुंपणाशी, पुदिन्याच्या वाफ्यापर्यंत जाऊन आले होते.

“पुदिना कशाला आणलास?” सिस्टरांनी विचारलं. “या भाजीत पुदिना नसतो.”

“असावा म्हणलं घरात.”

“दोन जुड्या?”

मी शेंगेची शीर ओढत राहिले.

“दोन्ही वेळा पोरगी रडली,” त्या म्हणाल्या. “तू कुंपणाशी जायच्या आधी रडत नव्हती.”

मला राग आला. जिला मूल नाही, बाळ नाही, तिनं मला हे सांगावं… असं मनात आलं. आलं होतं, म्हणून लिहिते.

“ती मला बघून रडते म्हणजे तिला मी हवी असते,” मी म्हणाले.

“हवी असतेसच. कोण नाही म्हणतंय? सोल, बाय.”

अकरा वाजता पातेलं परत चढलं. लोणी विरघळलं. पानं चुरचुरली. गाजरं करंगळीएवढी, कांदे गोट्यांएवढे, आणि मटार असे हिरवे की हातातून सोडवेनात. वर पानं अंथरली, ताट बसवलं, तांब्याभर गार पाणी ओतलं. बारा वाजता जेवणाची घंटा होणार होती.

“आता ढवळायचं कधी?”

“नाही ढवळायचं.”

“उघडायचं कधी?”

“शिजल्यावर.”

“शिजलं हे उघडल्याशिवाय कळणार कसं?”

“मला काय विचारतेस? पाण्याला विचार.”

मी ताटात पाहिलं. पाणी निवांत होतं. त्यात खिडकी दिसत होती, चौकोनी, उलटी.

“सिस्टर, हे पाणी भाजीत जाणारच नसेल तर त्याचा उपयोग काय?”

“वाफ वर येते, गार ताटाला लागते, तिचे थेंब होऊन परत खाली पडतात. भाजी आपल्याच पाण्यात शिजते.”

“मग पाण्यानं काय केलं?”

“तेच मी मदरना विचारलं होतं. त्या फ्रेंचमध्ये काहीतरी बोलल्या.”

“काय?”

“शिवी असावी. मला फ्रेंच कळायचं नाही, म्हणून तर मी टिकले.”

मला हसू फुटलं. आणि त्याच वेळी कुंपणापलीकडून रडणं आलं.

ईश्वरीचं. बारा पोरं एकदम रडली तरी मी ते ओळखीन. आधी एक लांब हुंदका, मग “आई”, मग परत हुंदका.

मी उठले. स्टूल मागं पडलं.

“जा की,” सिस्टर म्हणाल्या. “दार उघडंच आहे.”

“आणि भाजी?”

“उघडून बघ आणि जा. अडवलंय कोणी?”

खरंच कोणी अडवलं नव्हतं. माझा एक हात ताटाच्या काठावर होता आणि एक पाय दाराकडं. ताट उचलून एकदा बघावं, आच कमी करावी, धावत जाऊन तिला उचलावं, धावत परत यावं… सगळं दोन मिनिटांत झालं असतं.

सिस्टरांनी चाचपडत माझा हात धरला. काठावरून काढला. माझं बोट ताटातल्या पाण्यात बुडवलं.

“कसं आहे?”

“कोमट.”

“मग अजून वेळ आहे.”

“ती रडतेय, सिस्टर.”

“ऐकतेय मी. लताबाई आहेत तिथं.”

“मग मी काय करू?”

“थांब.”

“नुसती?”

“नुसती कुठं? इथं आहेस ना?”

मी थांबले. कशी थांबले, ते माझं मला ठाऊक. बोट पाण्यात होतं. पाणी तापत होतं आणि पलीकडं रडणं चालू होतं. लताबाईंचा आवाज आला, मग पोरांची गडबड. खाली पातेल्यात बारीक, अगदी बारीक टपटप सुरू झाली. वरून आत पडणारे थेंब. मला ते ऐकू येत होते. इतकी वर्षं स्वयंपाक केला, भाजीचा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

“ऐकलं?” सिस्टर म्हणाल्या.

“हो.”

ताटातली खिडकी हलायला लागली. काठाशी एक बुडबुडा आला. मग दुसरा.

पलीकडं रडणं अडखळलं. परत सुरू झालं, पण आता त्यात जोर नव्हता. मग कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळ्यांनी अंक म्हणायला घेतले. एक, दोन, तीन… मी श्वास रोखून त्यात तिचा आवाज शोधत होते. दहा. अकरा. सापडेना. बारा. तेरा. चौदा.

ईश्वरी पंधरा नेहमी गाळते. किती शिकवलं तरी गाळते.

सगळी पोरं “पंधरा” म्हणाली आणि त्यांच्या मधोमध एकच आवाज खणखणीत म्हणाला, “सोळा.”

मी रडले की हसले, ते मला सांगता येणार नाही. दोन्ही एकदमच झालं असणार.

“बोट?” सिस्टरांनी विचारलं.

“ठेववत नाही.”

“मग आता काढ.”

मी दोन फडकी घेतली आणि ताट अलगद उचललं. तो वास… कसा सांगू? लोण्याचा होता, मातीचा होता, आणि शेंग फोडल्याबरोबर येतो तो गोडसर हिरवा वासही त्यात तसाच राहिला होता. पानं मऊ होऊन खाली बसली होती. गाजरं चमकत होती. तळाला चमचाभर रस, आणि तो सगळा त्यांचा स्वतःचा.

हातात वाफाळतं ताट होतं. हात सवयीनं पातेल्याकडं कलला. पाणी काठापर्यंत आलं…

मी ताट सरळ केलं आणि बाजूला, ओट्यावर ठेवलं.

सिस्टर तोंड फिरवून ऐकत होत्या. मी बशीत वाढलं. त्यांनी एक मटार खाल्ला. एक गाजर खाल्लं. मग त्यांनी बशी खाली ठेवली, ओठ पुसले आणि म्हणाल्या, “मागच्या खोलीची कडी अडते. दार जरा वर उचललंस की निघते.”

मला कळायला दोन क्षण लागले. मग मी त्यांचे दोन्ही हात धरले.

“वाढायला घे,” त्या म्हणाल्या. “घंटा झाली.”

बारा जणी जेवल्या. पातेल्याच्या तळाशी राहिलं होतं ते मी ईश्वरीसाठी ठेवलं. साडेबाराला ती आली, हाताला माती, नाकाला माती. ओट्याखाली बसून खाल्लं. बशी पुढं केली.

“अजून,” म्हणाली. माझ्या तोंडाकडं न बघता.

तीनला जीप आली. सिस्टरांची एकच पिशवी होती. ते खोल ताट मी त्यांच्या पिशवीत ठेवायला गेले, तर त्यांनी ते परत माझ्या हातात दिलं.

“सिस्टर, एक राहिलंच,” मी म्हणाले. “समजा, खरंच करपली असती तर?”

त्या जीपमध्ये चढल्या, पदर सावरला, आणि मी उभी होते तिथून थोडं उजवीकडं बघून हसल्या.

“इथं चौथ्या दिवशीही तुझ्यासारख्या कुंपणाशी येणाऱ्या आया तुला पुष्कळ दिसतील.”

“त्यांना काय सांगू?”

जीप सुरू झाली. सिस्टरांनी खिडकीतून हात बाहेर काढला.

“सगळ्यांना सांग, बाय. ताट भरून ठेवायचं, जवळ थांबायचं… ओतायचं नाही.”