टाळी तीच, ढांग लांब

एकदा एक शिष्य घाटाच्या पायथ्याशी आपल्या वृद्ध गुरूपाशी ट्रकदुरुस्तीची विद्या शिकत होता. गुरूला सारे वस्ताद म्हणत. शिष्याचा हात आता चांगला बसला होता आणि वस्ताद परगावी गेले की गॅरेज तोच सांभाळी.

वस्ताद असेच लेकीकडे गेलेले असताना खडीचा एक व्यापारी ट्रक घेऊन आला. खाणीत गाडीचे पोट दगडांना घासते, मोठे टायर चढव, म्हणाला. शिष्याला वस्तादांचा नियम पाठ होता: चाक मोठे केले की मागच्या आसातली दातेरी चक्रांची जोडी, क्राउन-पिनियन, तीही बदलायची. त्याने तसे सांगून पाहिले.

"म्हणजे गाडी उभी राहणार," व्यापारी म्हणाला. "खडी काय तू डोक्यावरून नेणार? ते पुढच्या खेपेला बघू."

शिष्याने जॅक लावला. कळत होते, पण गिऱ्हाईक मोठे होते. टायर चढले, नारळ फुटला, चाकांखाली लिंबे ठेवून गाडी पुढे घेतली. देवाचे सगळे यथासांग झाले. राहिले ते फक्त माणसाचे काम.

त्या ट्रकचा चालक गेनू थोड्याच दिवसांत गॅरेजात आला. "मेस्त्री, चढाला दम टाकतीया गाडी, आन् उताराला ऐकत न्हाई. खालच्या गिअरलाबी पळतीया. बघता का जरा?"

"नवी चाकं आहेत, सवय होईल," शिष्य हातातल्या कामावरची नजर न उचलता म्हणाला. गेनू मान डोलावून गेला.

पुढच्याच बाजारच्या दिवशी भरल्या ट्रकचे ब्रेक घाट उतरताना तापून निकामी झाले आणि गेनूसकट ट्रक दरीत गेला. मागून येणाऱ्या गाडीवाल्याने सांगितले, ट्रक सुसाट होता. व्यापाऱ्याने तेच गावभर केले. मेलेल्याच्या माथी खापर फोडणे सोपे असते, तो काही उत्तर द्यायला येत नाही. गेनूची बायको दारात येणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगत राहिली, "घाटात त्यांनी वेगाचा काटा कधी तीसच्या वर जाऊ दिला न्हाई." लोक हळहळत, आणि बाहेर पडल्यावर तो प्याला असेल म्हणून कुजबुजत. गेनू जन्मात कधी प्यायला नव्हता.

वस्ताद परतले, त्यांनी सगळे ऐकून घेतले. आता हाकलून देणार, असे शिष्याला वाटले. वस्तादांनी मात्र एका पोत्यात भंगार लोखंड भरले, ते त्याच्या पाठीवर दिले आणि त्याला गॅरेजामागच्या उतारावर उभे केले.

"मी टाळी वाजवतो. एका टाळीला एक पाऊल. उतर."

शिष्य सावकाश खाली आला. वस्तादांनी त्याला पुन्हा वर पाठवले. "आता टाळी तीच. ढांग मात्र जमेल तेवढी लांब टाक."

चार ढांगांतच पाठीवरचे ओझे त्याला ढकलू लागले. थांबायला गेला तर पाय जमीन धरेनात. तो तोंडघशी पडला, गुडघे फुटले. वस्ताद अजून त्याच ठेक्यात टाळी वाजवत होते.

"मी टाळी वाढवली?"

"नाही."

"मग तू सुसाट का आलास?"

शिष्याने मातीत उमटलेल्या आपल्या लांब ढांगांकडे पाहिले.

"काटा आतल्या दांड्याचे फेरे मोजतो, म्हणजे टाळ्या; रस्ता मोजत नाही," वस्ताद म्हणाले. "मोठ्या चाकांनी आपण गेनूची ढांग लांब केली आणि आतली जोडी जुनीच ठेवली. ती बदलली असती, तर एका टाळीला चाक कमी फिरलं असतं आणि रस्ता पहिल्याइतकाच सरला असता. त्याला काटा तीसच दाखवत होता, गाडी पुढे धावत होती, आणि आवरायला गेला तर इंजिनाला ओझं धरवेना, सगळा भार ब्रेकवर आला. गेनू खरा, आणि तो गाडीवालाही खरा. हे सारं तुला ठाऊक होतं. तुला शिकवायचं माझ्याकडे काही उरलेलं नाही."

गेनूच्या दहाव्याला गाव जमले होते, व्यापारीही होता. शिष्य लंगडत गेला आणि सर्वांदेखत त्याने सांगितले: टायर मी चढवले, जोडी बदलली नाही, गेनूने वेग वाढवला नव्हता. व्यापारी चप्पल शोधत उठून गेला. 

तेव्हा गेनूच्या बायकोने विचारले, "म्हंजी ते हळूच चालवत हुते?"

"त्यांच्या काट्यानं, हो."

"आन् ते तुमच्याकडं आलते?"

"आले होते."

तिने पदराने तोंड पुसले. "घरी येऊन मला म्हणाले, मेस्त्री म्हणतोय, सवय होईल."

शिष्याने पुढे पुष्कळ गाड्या दुरुस्त केल्या. ते दोन शब्द मात्र त्याने पुन्हा कुणाला सांगितले नाहीत.