ब्याण्णव हजार किलोमीटर

“ते सगळं ठीक आहे, पण सगळ्यात जास्त टिकणारा कोणता?”

रेडीज सरांनी हे तिसऱ्यांदा विचारलं.

दाऊद उस्तादांनी तिसऱ्यांदाही उत्तर दिलं नाही. रिक्षाची एक ट्यूब पाण्याच्या टबात दाबून ते बुडबुडा कुठून येतो ते बघत होते.

चिपळूणहून गुहागरला जाताना, गाव संपून झाडी सुरू होते तिथे उस्तादांची पत्र्याची शेड होती. वय सत्तरीच्या पुढे. अर्ध्या तालुक्याचे ड्रायव्हर टायर घ्यायचा तर त्यांना विचारून घेत. बोलणं कमी, म्हणून लोक जरा घाबरूनच असत.

रेडीज सर मात्र घाबरणाऱ्यातले नव्हते. ते गुहागरच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत. रोज गाडीनं जाऊन येऊन नव्वद किलोमीटर. गाडीच्या टायरांवर त्यांनी आतापर्यंत ब्याण्णव हजार किलोमीटर काढले होते, आणि स्टाफरूममधल्या शिपायापासून प्राचार्यांपर्यंत हा आकडा प्रत्येकाला पाठ होता.

उस्तादांना बुडबुडा सापडला. त्यांनी तिथे खूण केली आणि मान वर केली.

“टिकवायचाय?”

“अर्थात.”

“मग गाडी काढू नका.”

सर हसले नाहीत. त्यांनी पिशवीतून एक मोठा कागद काढला आणि बाकड्यावर पसरला. सतरा कंपन्यांचे टायर, उभ्या-आडव्या रेघा, आणि शेवटच्या रकान्यात लाल शाईनं किलोमीटर. तीन रविवार त्यात गेले होते.

उस्तादांनी हात पुसले, चष्मा लावला आणि कागद वरपासून खालपर्यंत वाचला. सगळा वाचला. सरांना बरं वाटलं.

“अक्षर सुंदर आहे,” उस्ताद म्हणाले.

“अक्षराचं जाऊ द्या. काही चुकलंय का?”

“चुकलं काहीच नाही… थांबायचा रकाना कुठाय?”

“थांबायचा?”

“गाडी किती पळणार ते तुम्ही लिहिलंय. थांबणार किती जागेत?”

सरांनी कागदाकडे पाहिलं. मग रस्त्याकडे.

“ब्रेक आहेत की गाडीला,” ते म्हणाले.

उस्ताद उठून शेडच्या मागे गेले आणि एक टायर ढकलत घेऊन आले. काळाभोर, रेषा खोल, एकही दगड रुतलेला नाही.

“हा बघा. एक मिलिमीटर झिजलेला नाही.”

“कोणत्या कंपनीचा?” सरांनी पेन काढलं.

“एका सावध माणसाचा. जपून ठेवला होता त्यानं, जादाचा म्हणून. अकरा वर्षं.”

उस्तादांनी दोन्ही अंगठ्यांनी टायरची कड दाबली. रबरावर बारीक बारीक भेगा उघडल्या, उन्हाळ्यातल्या टाचेसारख्या.

“याच्या अंगावर तारीख असते,” ते म्हणाले आणि कडेवरचे चार आकडे दाखवले. “आठवडा आणि वर्ष. पहिल्यांदा हे वाचायचं, मग बाकीचं. हा रस्त्यावर गेलाच नाही, तरी संपला.”

सरांनी पेनाचं टोपण लावलं.

पण हार मानणं त्यांच्या अंगात नव्हतं. “तो ठेवून ठेवून गेला. माझे रोज पळाले. चार वर्षं पळाले. ब्याण्णव हजार! आहे कुणाकडे असा टायर?”

“गाडीला अजून तेच आहेत ना?”

“हो.”

“चला.”

उस्तादांनी जॅक लावला. तासाभरात चारही चाकं बाहेर आली. रिमवरून टायर उतरवताना सर बाजूला उभे होते, निवृत्त होणाऱ्या सहकाऱ्याच्या निरोप समारंभाला उभं राहावं तसे.

आणि उस्तादांनी धारदार सुरी घेऊन त्यातल्या एका टायरचा, वड्या पाडाव्यात तसा, चौकोनी तुकडा कापला.

“अहो, अहो!” सरांना आपल्याच अंगावरून सुरी फिरल्यासारखं वाटलं.

कोपऱ्यात मऊ रबराचा दुसरा एक फाटका टायर पडला होता. उस्तादांनी त्याचाही तेवढाच तुकडा कापला. मग तांब्यातलं पाणी शेडसमोरच्या सिमेंटच्या ओट्यावर ओतलं.

“बसा.”

“कुठे?”

“खाली.”

प्राध्यापक रेडीज इस्त्रीच्या पँटीत ओल्या ओट्यावर गुडघे टेकून बसले. रस्त्यानं जाणाऱ्या एका टेम्पोवाल्यानं वाकून बघितलं.

“हा तुमचा. तळहातानं दाबा आणि पुढे ढकला.”

सरांनी ढकललं. तुकडा सुळकन पुढे गेला. इतका सहज, की सरांचा तोल गेला आणि हात कोपरापर्यंत भिजला.

“आता हा.”

दुसरा तुकडा हलेना. सरांनी जोर लावला. अजून जोर लावला, तेव्हा तो कुरकुरत दोन बोटं सरकला आणि थांबला. त्याच्यामागे सिमेंटवर एक काळी रेघ उमटली होती.

“हे काय?” सरांनी बोट लावून बघितलं.

“टायर.”

“म्हणजे झिजला तो.”

“झिजला.”

“आणि माझा…”

“तुमचा अजून ब्याण्णव हजार जाईल.”

सर त्या काळ्या रेघेकडे बघत राहिले. ओट्यावरचं पाणी हळूहळू खाली ठिबकत होतं. आणि मग एकाएकी त्यांना हसू फुटलं. आधी नाकातून, मग पोटातून, मग ओट्यावर मांडी घालून ते इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं.

“सव्वीस वर्षं… सव्वीस वर्षं मी पोरांना घर्षण शिकवतोय हो, उस्ताद!”

“चांगलं शिकवत असाल.”

“फळ्यावर!” सर पुन्हा हसले.

उस्तादांनी कोऱ्या चहाचे दोन पेले आणले. दोघं ओट्यावरच बसले. सरांच्या पँटीचा गुडघा काळा झाला होता. त्यांनी तो झटकलाही नाही.

चहा निम्मा झाल्यावर उस्तादांनी विचारलं, “गाडीत बाजूला कोण बसतं?”

सरांचं हसू ओसरलं.

“पिशवी असते.”

“आधी?”

“…बायको.”

मग सरांनीच सांगितलं.

कुंदाताई शृंगारतळीजवळच्या एका हायस्कुलात मराठी शिकवत. शाळा सरांच्या वाटेवरच. चौदा वर्षं दोघं एकाच गाडीनं जात-येत होते. श्रावणात एका वळणावर गाडी आडवी फिरली. सरांनी ब्रेक दाबला होता, पण गाडी घसरतच गेली आणि एका आंब्याच्या बागेच्या दगडी गडग्याला टेकून थांबली. कुणाला खरचटलंही नाही. सर म्हणाले, रस्त्यावर शेवाळ होतं. दुसऱ्या दिवशी म्हणाले, समोरच्यानं लाइट मारला. तिसऱ्या दिवशी म्हणाले, टायर तर उत्तम आहेत, नव्वद हजारांना टेकलेत…

त्या तिसऱ्या दिवशी कुंदाताईंनी छत्री घेतली आणि त्या एसटीनं शाळेत गेल्या. तेव्हापासून एसटीच.

“रागावल्या?”

“नाही ना. रागावली असती तर बरं झालं असतं. डबा देते, हसते, बोलते. फक्त गाडीत बसत नाही.”

उस्तादांनी उरलेला चहा ओट्याखाली टाकला.

“वळणावर त्यांना काय दिसलं, विचारलंत?”

“काय विचारायचं? मी सांगत होतो ना, शेवाळ…” सर मध्येच थांबले.

उस्ताद आत गेले आणि फळीवरून चार टायर उतरवले. सरांच्या कागदावर ते अकराव्या नंबरवर होते.

“हे?” सर चकित झाले. “हे तर पंचेचाळीसच्या पुढे जात नाहीत.”

“नाही जात.”

“निम्मे!”

“निम्मे.”

सरांनी कागदाकडे हात नेला आणि तो हात वाटेतूनच मागे घेतला. आधी त्यांनी वाकून टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचले. यंदाचेच होते.

“बसवा,” ते म्हणाले.

पुढचा दीड तास मजेत गेला. उस्तादांनी सरांना नुसतं बघत बसू दिलं नाही. नट समोरासमोरचे आवळायचे, गोल फिरत नाही, हे सरांच्या हातून करून घेतलं. हवा सकाळी टायर गार असताना बघायची. दहा हजारांनी पुढचे मागे, मागचे पुढे. फार फुगवला की मधोमध झिजतो, कमी भरला की कडेनं. रेषांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, टायर झिजून तिथवर आला की हट्ट करायचा नाही. सर एकेक गोष्ट विचारत होते, पुन्हा म्हणून दाखवत होते, पहिल्या बाकावरच्या विद्यार्थ्यासारखे. नट आवळताना हाताला फोड आला तर तोही त्यांनी कौतुकानं बघितला.

“साठ-सत्तर किलोमीटर फिरलात की या,” उस्ताद म्हणाले. “नट पुन्हा बघावे लागतात. आणि आज सावकाश. नवा टायर गुळगुळीत असतो, त्याला रस्त्याची ओळख व्हावी लागते.”

“साठ-सत्तर…” सरांनी मनात हिशेब केला. शृंगारतळीला जाऊन परत यायला बरोब्बर तेवढंच अंतर होतं. शाळा पाचला सुटायची.

पाच वाजता कुंदाताई शाळेसमोरच्या थांब्यावर उभ्या होत्या. परतीच्या पावसाचा बारीक शिडकावा चालू होता. सरांनी गाडी थांब्यापासून जरा पुढे लावली आणि ते खाली उतरले.

एरवी त्यांनी बोलायला सुरुवातच आधी केली असती. आज ते नुसते उभे राहिले.

“रजा ना आज? आणि हे काय?” कुंदाताईंनी त्यांच्या गुडघ्याकडे पाहिलं. “पडलात?”

“गुडघे टेकले होते.”

“कुणापुढे?”

“सांगतो कधीतरी… बस यायची आहे का?”

“येईलच आता.”

“बरं. मी थांबतो तोवर.”

कुंदाताईंनी गाडीकडे बघितलं. मग छत्री घेऊन गाडीभोवती एक चक्कर मारली. नव्या टायरांवर रबराचे बारीक केस असतात, ते त्यांनी छत्रीच्या टोकानं हलवून बघितले.

“किती टिकणार म्हणे हे?”

“आधीच्यांच्या निम्मे.”

त्यांनी झटकन मागे वळून बघितलं. “निम्मे? आणि तुम्ही घेतलेत?”

“घेतले.”

“फसवलं वाटतं कुणीतरी.”

सर इतक्या मोठ्यानं हसले की थांब्यावरच्या दोन बाया वळून बघायला लागल्या. मग हसू आवरून ते म्हणाले, “कुंदा, त्या दिवशी वळणावर… तुला काय दिसलं होतं?”

कुंदाताईंनी छत्री दुसऱ्या हातात घेतली. छत्रीवरून पाणी टपटपत होतं.

“गडगा दिसला,” त्या म्हणाल्या. “तुमच्या बाजूनं येत होता. माझ्या नाही. तुमच्या.”

ती आपल्यासाठी घाबरली होती, हे सरांना ठाऊकच नव्हतं. अडीच महिने ते शेवाळाबद्दल बोलत होते.

“टायर कडक झाले होते, कुंदा. पार दगड झाले होते. शेवाळबिवाळ काही नव्हतं.”

एसटी आली. कंडक्टरनं दारातून हाक मारली, “बाई, चला!”

कुंदाताईंनी बसकडे बघितलं. गाडीकडे बघितलं. सरांच्या काळ्या गुडघ्याकडे बघितलं.

“जा तुम्ही,” त्या कंडक्टरला म्हणाल्या. “आज नको.”

त्यांनी गाडीचं दार उघडलं, सीटवरची पिशवी उचलून मागे टाकली आणि आत बसल्या.

सरांनी गाडी सावकाश घेतली. ते वळण आलं तेव्हा रस्ता ओलाच होता आणि एक म्हैस अगदी मधोमध उभी होती, आपल्याला कुणी हलवणार नाही अशा खात्रीनं. सरांनी ब्रेक दाबला. गाडी थांबली, सरळ, जागच्या जागी. कुंदाताईंनी दारावरची कडी घट्ट धरली होती. म्हैस गेली. गाडी निघाली. मग त्यांचा हात हळूच खाली आला.

आणि त्या बोलायला लागल्या. आठवीतल्या मुलीनं निबंधात काय लिहिलं, मुख्याध्यापकांचा चष्मा कुठे सापडला, एसटीतली एक म्हातारी रोज त्यांना पेरू कशी देते… अडीच महिन्यांचं साठलेलं. सर फक्त “हं” म्हणत होते. त्यांना वाटलं, रस्ता अजून थोडा लांब हवा होता.

उस्तादांची शेड आली तेव्हा अजून उजेड होता. उस्ताद पाना घेऊन बाहेर आले, पण सरांनी खिडकीतूनच ओठांवर बोट ठेवलं आणि आवाज न करता दार उघडून ते उतरले.

कुंदाताईंचं डोकं काचेला टेकलं होतं. तोंड किंचित उघडं. गाढ झोप.

उस्तादांनी मान डोलावली. चारही चाकांचे नट त्यांनी तपासले, तेही इतक्या हलक्या हातानं की पाना एकदाही वाजला नाही. मग ते उठले आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

“उस्ताद,” सर त्यांच्या कानाशी कुजबुजले, “सगळं सांगितलंत. आता एकच सांगा. बदलायला पुन्हा कधी येऊ?”

उस्तादांनी वाकून खिडकीतून आत बघितलं. बराच वेळ बघितलं… मग तेही कुजबुजले,

“बाईंची झोप मोडली, की या.”