पहिल्या वळणावरची पाल

गाड्यांनाही वाचा होती, तेव्हाची ही गोष्ट. कोकणातल्या एका कातळसड्यावरची, म्हणजे खडकाळ पठारावरची, ठिपकेवाली पाल चार वर्षांत कुणालाच दिसली नव्हती. तिच्या शोधासाठी गाडी निवडायला यमुनाताई गुरव गॅरेजात आल्या.

"मला न्या," लाल जीप गुरगुरली. "दगडधोंडे तुडवत थेट माथ्यावर पोचवते!"

ताईंना ते पटलं. दोघी धडधडत माथ्यावर पोचल्या, पण पालीचं शेपूटसुद्धा दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी हिरमुसल्या ताई कोपऱ्यातल्या छोट्या हिरव्या जीपकडे वळल्या. तिनं आधी विचारलं, "ताई, ही पाल राहते कुठं?"

"दगडांच्या फटीत."

"मग दगडांवर चढले तर तिचंच घर मोडेल की! दगड लागले की मी थांबेन. पुढं तुम्ही चाला."

पहिल्याच वळणावर दगड लागले. हिरवीनं इंजिन बंद केलं. ताई हलकेच चार पावलं चालल्या आणि दगडाशी बसून राहिल्या. थोड्या वेळानं फटीतून ठिपकेवाली पाल उन्हाला आली, मागोमाग दोन पिल्लंही. ताईंना हसू आवरेना.

संध्याकाळी लाल जीपनं विचारलं, "काय गं, माथा गाठलास का?"

"कुठला माथा!" हिरवी म्हणाली. "पाल पहिल्याच वळणावर भेटली, मग ताईंनी पुढं जाऊच दिलं नाही."