खाली न उतरलेला लोहार

फार पूर्वी, नेमकं कधी ते विचारू नका, कारण या गोष्टीतला सगळा घोळ विचारणाऱ्यांनीच केलाय, एका टेकडीखाली ख्रिस्ती लोकांचं गाव होतं. गावात एक लोहार होता. त्याचे दंड असे की बाह्या शिवताना शिंपी उसासे टाकायचा. रागही दंडाच्याच मापाचा. पुतण्याच्या लग्नात बँडवाल्याने सूर चुकवला, म्हणून लोहाराने त्याला पिपाणीसकट उचलून गुरांच्या हौदात बसवला होता. माणूस मनाने वाईट नव्हता. बाहेरही त्यानेच काढलं, कोरडे कपडे दिले, जेवू घातलं. पण लोक जेवण विसरतात आणि हौद लक्षात ठेवतात.

बाकीचं गाव दोन कामं करायचं. वाद घालायचं, आणि वेळ उरला तर शेती. वाद एकच. देव सर्वशक्तिमान आहे ना? मग तो स्वतःला आवर घालू शकतो का? घातला तर सर्वशक्तिमान कसा? आणि घालता येत नसेल, तरी सर्वशक्तिमान कसा? हा प्रश्न गावात कुणी आणला कोण जाणे, पण खरजेसारखा पसरला. ज्यांना स्वतःच्या म्हशीला आवर घालता येत नव्हता, तेही देवाच्या आवराबद्दल तावातावाने बोलायचे.

एका बाजूचा पुढारी होता किराणा दुकानदार. त्याचं म्हणणं, ज्याच्या अंगात ताकद असते तो ती वापरतोच. प्रभू क्रुसावरून उतरला नाही, म्हणजे त्याला उतरता येत नव्हतं. असं म्हणायचं आणि रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसायचं, हे त्यालाच जमत होतं. दुसऱ्या बाजूला होते जुने मास्तर. ते म्हणायचे, उतरता येत होतं, पण देवाने आपला मोठेपणा आपल्याच हाताने बाजूला ठेवला आणि तो माणूस झाला. बोलणं बरोबर होतं, पण मास्तर ते इतका वेळ सांगायचे की ऐकणारे कंटाळून दुकानदाराकडे जायचे. तिथे निदान चणे तरी मिळायचे.

मधल्या मधे मरण फादरांचं. बाप्तिस्म्याला बाळाच्या डोक्यावर पाणी घालावं, तर बाळाचा मामा शंका काढायचा. लोक पापं कबूल करायला यायचे, एक पाप सांगायचे आणि दोन शंका विचारायचे. फादरांनी एकदा समजावून पाहिलं की आईला पोराला कडेवर घेता येतं, तरी ती त्याला चालायला खाली सोडते. जन्मभर कडेवर ठेवलं तर ते पोर राहत नाही, गाठोडं होतं. दुकानदाराने लगेच विचारलं, मग पडल्यावर रडतं कोण? फादरांनी डोळे मिटून घेतले.

एका म्हातारीने मात्र विचारलं, माझा मुलगा तापाने गेला तेव्हा तुमचा देव कुठे आवर घालून बसला होता? त्यावर फादर तिच्या ओट्यावर दिवेलागणीपर्यंत नुसते बसून राहिले. बाकी सगळ्या गावाला त्यांनी मनातल्या मनात कधीच हौदात बसवलं होतं.

आता या गावाची एक रीत होती. दर उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, खळ्यावर प्रभूच्या दुःखसहनाचं नाटक व्हायचं. पूर्वजांनी त्यासाठी सागाचा क्रूस केला होता, आणि हलका क्रूस उचलला तर पुण्यही हलकंच मिळेल असं वाटून तो इतका जड केला होता की चार माणसं लागायची. त्यामुळे प्रभूचं काम स्वभाव बघून द्यायची सोयच नव्हती. ज्याला क्रूस उचलवेल तो प्रभू. म्हणजे गावातला सगळ्यात तापट माणूस दरवर्षी सगळ्यात शांत माणसाचं काम करायचा, आणि फादर दरवर्षी जीव मुठीत धरून बघायचे.

त्या वर्षी लोहाराच्या लेकीला शेजारच्या गावातलं स्थळ आलं. मुलगा चांगला, लेकीला पसंत. पण मुलाच्या बापाने हौदाची गोष्ट ऐकली होती. तो म्हणाला, मुलगी सोन्यासारखी आहे, पण असा व्याही आम्हाला झेपायचा नाही. शुक्रवारी आम्ही नाटकाला येतो. त्या दिवशी भडकला नाही तर साखरपुडा, भडकला तर राम राम.

लेक बापाला एवढंच म्हणाली, "बाबा, एक दिवस. फक्त एक दिवस."

लोहाराने भात्यावर हात ठेवून शब्द दिला.

ही बातमी दुकानदाराला कळली आणि त्याच्या डोक्यात दिवा लागला. नाटकात त्याचं काम टवाळखोरांच्या म्होरक्याचं. क्रुसाखाली उभं राहायचं, एक वाक्य बोलायचं आणि बाजूला व्हायचं. त्याने चणे खाणाऱ्यांना सांगून ठेवलं की या वेळी लोहाराला उतरवूनच दाखवतो. ताकद असलेला माणूस ती वापरल्याशिवाय राहत नाही, हे एकदा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत सिद्ध झालं की मास्तरांचं तोंड बंद. पोरीचं लग्न मोडेल, हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. पण वाद जिंकायचा म्हटला की माणसाला दुसऱ्याची पोर दिसत नाही.

शुक्रवार उजाडला. ऊन रणरणतं. लोहाराने क्रूस खांद्यावर घेऊन खळ्याला फेरी मारली. मग त्याला फळीवर उभं करून हात आडव्या तुळईला बांधले. बांधायची पद्धत ठरलेली होती. पूर्वी एकजण उन्हाने वर बेशुद्ध पडला होता, तेव्हापासून गाठ सरकती मारायची आणि दोरीचं टोक वर चढलेल्याच्याच मुठीत द्यायचं. एक हिसका, की माणूस मोकळा. हे पाहुण्यांनाही सांगितलेलं होतं.

दुकानदार पुढे आला आणि म्हणाला, "देवाचा लेक ना तू? मग उतर की खाली."

इथे त्याने बाजूला व्हायचं होतं. तो झाला नाही. त्याने लोहाराच्या खिळ्यांचा विषय काढला, ते कसे हातोडी बघूनच वाकतात. मग नांगराचे फाळ काढले. मग लोहाराच्या आईच्या हातची भाकरी काढली, तिच्यावरच म्हणे हा घण मारायला शिकला. लोक आधी हसले. मास्तर खालून ओरडत होते की हे नाटकात नाही. फादर कपाळाला हात लावून उभे होते. लोहार वर नुसता लाल होत चालला होता.

मग दुकानदाराने पाहुण्यांकडे वळून म्हटलं, "पोरगी खपत नाही, म्हणून बाप टांगून घेतोय बघा."

हसणं थांबलं. तुळई करकरली. लोहाराच्या मानेच्या शिरा दोरीएवढ्या झाल्या. मुलाचा बाप उठून उभा राहिला. फादरांनी डोळे मिटले, पण या वेळी कंटाळून नाही.

लोहाराने खाली बघितलं. लेक पहिल्या रांगेत बसली होती, ओढणीचं टोक दातात धरून. मग त्याने दुकानदाराकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाला, "अजून काही राहिलंय का? असेल तर बोलून घे. मी इथंच आहे."

दुकानदाराने तोंड उघडलं. त्याच्याकडे अजून बरंच होतं, पण ते कसं कोण जाणे, बाहेर येईना. ओरडून ओरडून घसा बसलाच होता. तो दोनदा खोकला आणि बाजूला झाला. नाटक पुढे सरकलं आणि संपलं.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण माणसं कुठली संपू देतात? मुलाचा बाप पुढे आला आणि तोंड वाकडं करून म्हणाला, "तापट नाही हे पटलं. पण पोरीबद्दल असं बोलल्यावरही जो जागचा हलत नाही, तो बाप कसला म्हणायचा?"

फादरांच्या तोंडून कण्हल्यासारखा आवाज निघाला. उतरला असता तर रागीट. उतरला नाही तर बाप कसला. वीस वर्षं ते हेच ऐकत होते, फक्त दुसऱ्या कुणाबद्दल.

तिकडे चार माणसं लोहाराला खाली घेत होती. डावा हात सुटला, उजवा सुटेना. गाठ कधीच सैल झाली होती, पण मूठ उघडत नव्हती. दोरीच्या टोकाला हिसका बसू नये म्हणून त्याने ती इतकी घट्ट आवळली होती की बोटं वळून बसली होती, आणि नखं तळव्यात रुतून रक्त आलं होतं. लोहार स्वतःही ती उघडू शकेना. लाजल्यासारखा हसत म्हणाला, "थांबा जरा, हिला आता माझं ऐकायची सवय राहिली नाही."

लेक पुढे आली. तिने बापाचा हात मांडीवर घेतला आणि एकेक बोट उलगडायला लागली. वर न बघताच मुलाच्या बापाला म्हणाली, "उतरले असते तर दुकानदारकाकांना दोन लागल्या असत्या आणि बाबांना बरं वाटलं असतं. मला काय मिळालं असतं? ते हलले नाहीत असं तुम्ही म्हणता. या हाताकडे बघून म्हणा."

मुलाच्या बापाने हाताकडे बघितलं. मग बायकोला म्हणाला की साखर बांधून आणलीय ती काढ.

"आज उपास आहे," फादर म्हणाले. "रविवारी काढा."

"रविवारी तर रविवारी," मुलाचा बाप म्हणाला, आणि वाकून त्याने स्वतःच्या उपरण्याने लोहाराचा तळवा पुसला.

रविवारी पुनरुत्थानाच्या सणाला साखरपुडा झाला. दुकानदाराने साखरेचं पोतं स्वतः डोक्यावर वाहून आणलं. मला पटलंय असं तो म्हणाला नाही, कारण त्याला बोलताच येत नव्हतं. घसा पार गेला होता. तो नुसता लोहारासमोर उभा राहिला. लोहाराने पट्टी बांधलेला हात त्याच्या खांद्यावर ठेवला. दुकानदार आधी दचकला, मग रडला. पुढे महिनाभर गावात कुणी एकही शंका काढली नाही. फादरांच्या मते त्या वर्षीचा खरा चमत्कार तो.

तात्पर्य: ज्याला उतरता येत होतं तो उतरला नाही, तर आधी तो कुणासाठी वर राहिला ते बघा आणि मग त्याची ताकद मोजा. एवढं सांगूनही शंका उरलीच असेल, तर तेवढी फादरांकडे नेऊ नका, ते दमलेत.